चार मैल, फेब्रुवारीत

समुद्रकाठच्या सपाट गावांसाठी असते ही सायकल.
रुंद बैठक, मागे वळलेलं हँडल,
बसणाऱ्याला कुठेही पोचायचं नसतं.
आमचं डुलुथ उतारावर टांगलेलं.
खाली सरोवर, वर आम्ही,
आणि मधला चढ असा
की टपालवालासुद्धा हात टेकतो.

डॅग्नी म्हणाली, मला तीच हवी.
खुब्याचा सांधा बदलल्यापासून
तिचा पाय आडव्या नळीवरून पलीकडे जात नाही.
दुकानातल्या सायकली बघून म्हणाली,
"या सगळ्या उशीर झाल्यासारख्या उभ्या आहेत."

ऑक्टोबरात गॅरेज रिकामं केलं.
फरशीवर खडूने सायकल काढली, खऱ्या मापाची.
तिला रंगाच्या डब्यावर बसवलं, पाठ भिंतीला,
हात पुढे कर म्हटलं, हँडल धरल्यासारखे.
ती डोळे मिटून बसली. मी टेप लावला.
एकतीस वर्षांच्या संसारात
तिच्या खांद्यापासून मनगटापर्यंतचं अंतर
पहिल्यांदाच वहीत लिहिलं.

नमनालाच घडाभर तेल.
पहिली नळी वाकताना चेपली.
दुसरी वाकली, भलतीकडे.
तिसरीत वाळू ठासून भरली,
ती आधी कोरडी केली ओव्हनमध्ये,
पावाच्या ट्रेवर.
हे डॅग्नीला अजून सांगितलेलं नाही.

शेजारचा ऑर्व्हल जहाजं जोडायचा.
आता त्याच्या हातातली कॉफी बशीत सांडते,
म्हणून तो खुर्ची टाकून बसतो
माझ्याकडे पाठ करून,
आणि नुसतं ऐकतो.
"बेकन तळल्यासारखं वाजलं पाहिजे.
हं. आता लाह्या फुटतायत. थांब.
तार कमी सोड."
ठिणग्या त्याच्या सावलीवर पडतात.
तो मान हलवतो,
गवयाने चुकलेली जागा माफ करावी तशी.

बॅटरी यायला दोन महिने.
तोवर तिच्या मापाचा लाकडी ठोकळा
वळणदार नळ्यांच्या कुशीत झोपवून ठेवला.
मोटर मागच्या चाकात;
ती चाकाआधी स्वतःचा आसच पिळायला बघते,
म्हणून दोन्ही बाजूंना जाड पोलादी पट्टी,
रस्ता ओलांडताना
हट्टी पोराचं मनगट धरावं तशी घट्ट.

मग सुताची परीक्षा.
पुढच्या मानेपासून मागपर्यंत दोरा ताणला,
डावीकडून, उजवीकडून.
दोन मिलिमीटर काणी निघाली.
"जहाजाला चालतात," ऑर्व्हल म्हणाला.
"जहाजाला समुद्र असतो," मी म्हणालो.
कापली. पुन्हा जोडली.
एक मिलिमीटर, उलट्या बाजूला.
मग सोडून दिलं.

फेब्रुवारी. बाहेर उणे वीस,
गॅरेजच्या दाराला छातीइतका बर्फ.
रंग नाही दिलेला, थंडीत तो धरत नाही.
नळ्यांवर जळक्या निळ्या-तपकिरी कडा तशाच.
सायकल स्टँडवर, मागचं चाक हवेत.
डॅग्नी नाइटगाऊनवर कोट चढवून आली,
पाय सहज आत घातला
आणि बसली.

अंगठ्याने दाबलं.
रिकाम्या बाटलीत माशी अडकावी तसा गुणगुणाट,
दिव्याचा पिवळा गोल समोरच्या फळीवर,
खिळ्यांचे डबे उजळले.
"बेकरी बंद आहे," ती म्हणाली.
थोड्या वेळाने, "इथे कुत्रं सुटतं अंगावर."
वळणावर ती खरंच कलली.
मीटर चालत होता. एक मैल. अडीच.
मी स्टँड धरून उभा.
चार झाले, आणि तिने ब्रेक दाबला.

"पूल वर घेतलाय. जहाज येतंय."

सरोवर गोठलंय, मी म्हणणार होतो,
मार्चअखेरपर्यंत कसलं जहाज.
पण ऑर्व्हल खुर्ची वळवून
खिळ्यांच्या डब्यांकडे बघत होता.
"लोहखनिज भरलंय," तो म्हणाला,
"पाण्यात किती खोल बसलंय बघ. वेळ लागेल."

आम्ही थांबलो.